स्मृतीवरील खुणा आणि आभासी यंत्रे : एका दस्तऐवजाचा इतिहास

संगणकाच्या स्मृतीवर खुणा करण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मध्ये २,०४८ बाइटच्या खंडास चार बिटची संरक्षण-किल्ली जोडण्याची सोय होती. तिच्यामुळे एका प्रोग्रामचे दुसऱ्यापासून रक्षण होई. आर्म कंपनीने २०१८ मध्ये मांडलेल्या मेमरी टॅगिंगमध्येही खूण चार बिटचीच, परंतु ती १६ बाइटच्या तुकड्यावर असते आणि पॉइंटरवरील खुणेशी न जुळल्यास प्रोग्रामची स्वतःचीच चूक उघड करते. (खुणा १६ च असल्याने योगायोगाने जुळण्याची शक्यता उरतेच.)

लिनक्सवरील सामान्य प्रोग्रामांना ही सोय डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत मिळाली. केव्हीएमवर चालणाऱ्या आभासी यंत्रांना ऑगस्ट २०२१ च्या ५.१४ मध्ये. तिच्या दस्तऐवजात जबाबदारीची वाटणी केलेली आहे, आणि तीच त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट होय. यजमान संगणकाने स्मृतीचे पान डिस्कवर हलविल्यास खुणा केव्हीएम जपते. आभासी यंत्र दुसऱ्या यजमानावर नेताना मात्र त्या त्याच्या चालक-प्रोग्रामने न्यावयाच्या असतात. केवळ बाइटांची नक्कल केल्याने खुणा सोबत येत नाहीत. ४,०९६ बाइटच्या एका पानाच्या २५६ खुणा वेगळ्या उचलाव्या लागतात. त्या मागे राहिल्यास नव्या यजमानावर निर्दोष प्रोग्रामही खूण न जुळल्यामुळे बंद पडू शकतो.