सोलापूरचा सीमाप्रश्न : केंद्र-राज्य अधिकार

राज्याची सीमा कोण ठरवणार, हा संघराज्यातील सत्तेच्या वाटणीचा खरा कस होय. सोलापूर जिल्ह्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू शेजारी नांदतात. अक्कलकोट संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे म्हैसूर राज्याकडे गेले (बेळगावचा चंदगड तालुका वगळता), सोलापूर मात्र मुंबई राज्यातच राहिले. या सीमाप्रश्नावर सेनापती बापटांनी केलेल्या उपोषणानंतर १९६६ मध्ये केंद्राने न्या. मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. त्याच्या १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर परिसर महाराष्ट्राला, तर अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापूर व जत तालुक्यांतील काही गावे म्हैसूरला देण्याची शिफारस होती. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले होते. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. ‘खेडे हा घटक’ (सीमा गावागणिक ठरवायची) हे सूत्र आयोगाने सर्वत्र सारखे लावले नाही, हा त्याचा आक्षेप रास्त होता.

घटनेच्या अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या बहुमताने सीमा बदलू शकते. विधेयक संबंधित विधिमंडळाकडे मतासाठी जाते. ते मत बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ‘बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य’ खटल्यात दिला. अमेरिकेत मात्र यादवी युद्धानंतर आणि १९३० च्या दशकात केंद्राचे अधिकार पुष्कळ वाढूनही, राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचा भूभाग तोडून नवे राज्य करता येत नाही. भारतीय संसदेकडे इतका अधिकार असूनही महाजन अहवालानंतर दिल्लीने या सीमेवर तो वापरला नाही, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.