तांब्याची फुलदाणी आणि जालन्याची सळई

आज जरा धातूंविषयी. वीकेंडला ब्लेंडर उघडून अंतराळयानं बनवायचा नाद असलेल्यांना हे दुखणं माहीत असेल. यानाचा आकार झकास जमतो, पण रेंडर केलं की ते पोलादाचं वाटायच्या ऐवजी प्लास्टिकची बादली वाटतं! हे दुखणं जुनं आहे, आणि त्याचा इतिहास मजेशीर आहे.

१९७५ साली बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी संशोधकाने चकाकीचं सोपं गणित प्रसिद्ध केलं. (बिचारा त्याच वर्षी गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी.) गणित इतकं स्वस्त आणि मस्त की सगळ्यांनी उचललं. पण त्यात चमकेचा ठिपका बहुधा दिव्याच्याच रंगाचा असायचा, आणि तिथेच घोळ होता.

म्हणजे बघा, प्लास्टिकमध्ये थोडा प्रकाश आत शिरतो, रंग घेऊन बाहेर येतो, आणि वरवरची चमक मात्र पांढरीच राहते. धातूत शिरलेला प्रकाश परत येतच नाही. दिसतं ते सगळं पृष्ठभागावरचं परावर्तन, आणि धातूचा रंग चढतो तो त्या परावर्तनावरच.

१९८१ मध्ये रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी हे नीट मांडलं. त्यांच्या निबंधात दोन फुलदाण्या आहेत, एक तांब्याच्या रंगाच्या प्लास्टिकची, दुसरी खरोखर तांब्याची. फरक एका नजरेत कळतो. गंमत म्हणजे टॉरन्स मूळचे मेकॅनिकल इंजिनियर. खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश कसा परततो यावर त्यांनी स्पॅरो यांच्यासोबत १९६७ मध्येच काम केलं होतं. स्पॅरो तर उष्णता-वहनातले दादा माणूस! म्हणजे साय-फाय यानांची चकाकी भट्टीच्या शास्त्राच्या घरातून आली.

भट्टी म्हटलं की मला आठवतं माझं आजोळ, जालना. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी, आता गावाची ओळख म्हणजे सळया. एमआयडीसीत भंगार वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे, ते तापवून रोलमधून लाटायचे आणि लाल सळईवर पाण्याचा मारा करायचा. बाहेरचा थर कडक होतो, आतला गाभा लवचिक राहतो. झाली टीएमटी सळई.

आता रेंडरवाल्यांसाठी दोन धडे. एक, ही सळई क्रोमसारखी चमकत नाही. तिच्यावर ऑक्साइडचा निळसर करडा पापुद्रा असतो, मग गंज. गंज हा धातू नव्हे! डिस्नेच्या २०१२ च्या पद्धतीपासून रूढ झालेला 'मेटॅलिक' स्लायडर तिथे शून्यावर आणा, यान लगेच जुनं-जाणतं दिसेल. दोन, तापलेल्या पोलादाचा रंग मनाने ठरवू नका. प्लांकने १९०० सालीच त्याचं सूत्र दिलंय. ब्लेंडरच्या ब्लॅकबॉडी नोडमध्ये केल्व्हिन टाका. लाटायचं बिलेट साधारण ११०० अंश सेल्सिअस, म्हणजे १३७० च्या आसपास. पोलाद वितळतं १५०० अंशांच्या आसपास, तेही नारिंगी-पिवळंच. पोस्टरवरचा तो निळा लाव्हा विसरा.

माझा मामा रोलिंग मिलमध्ये होता. तो नुसत्या रंगावरून सांगायचा, माल लाटायला तयार आहे की नाही. प्लांकचं नाव त्याने कधी ऐकलं नसेल. त्याच्या दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत. आपल्या रेंडरमध्ये ती लाली फुकट मिळते, फार तर लॅपटॉपचा पंखा घरघरतो. तिकडे लांब चिमटा घेऊन कुणीतरी तिच्या समोर उभं असतं, मराठवाड्याच्या मे महिन्यातसुद्धा. आणि भट्टीवर अपघात होतात, माणसं भाजतात, तेव्हा पेपरात चार ओळी येतात.

साय-फाय चित्रांत यानं असतात, कप्तान असतात, पण यानाचा पत्रा लाटणारा सहसा कुणी दिसत नाही. असो. पुढच्या रेंडरमध्ये गोदीच्या कोपऱ्यात एक छोटा माणूस ठेवून बघा, भट्टीच्या उजेडात. स्केलही कळेल, आणि उजेड कुठून आला तेही :)