आपल्याच घरी परके: कोकणातल्या शनिवार तेल्यांची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)



मागच्या महिन्यात आम्ही एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही मिटली, चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या. तिथल्या एका ताईंचा मुलगा आखातात कामाला आहे. पैसे वेळेवर येतात, घराचं काम पुरं झालं, पण फोनवर तो धड बोलत नाही. ताई म्हणाल्या, "एवढं कमावतोय, मग मन का लागत नाही त्याचं?" कुणी म्हणालं, जेवण आवडत नसेल. कुणी म्हणालं, मालक कडक असेल. एक आजी मात्र म्हणाल्या, "अगं, आपण सासरी आलो तेव्हा आपलं तरी कुठं लागलं होतं?" सगळ्या हसल्या आणि विषय तिथंच राहिला.

आमच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. जी माणसं आपल्या मर्जीने दुसऱ्या देशात जातात, ती तिथं दुःखी का होतात? या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आपल्याच कोकणाच्या इतिहासात आहे. ती गोष्ट आज सांगतो.

रायगड जिल्ह्यात अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या भागात पिढ्यान्‌पिढ्या एक समाज राहत आला. त्यांना लोक 'शनिवार तेली' म्हणत. तेलाचा घाणा चालवणं हा त्यांचा धंदा. दुसरे तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ते सोमवार तेली. हे शनिवारी बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. शनिवारच का? कारण ते ज्यू धर्माचे होते, आणि ज्यू धर्मात शनिवार हा विसाव्याचा पवित्र दिवस. ते स्वतःला 'बेने इस्रायल', म्हणजे इस्रायलची लेकरं, म्हणवत. त्यांची जुनी आठवण अशी सांगते, की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचाच हा वंश वाढला.

त्यांची भाषा मराठी. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून पडलेली: पेणकर, नवगावकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. बायका लुगडं नेसत, मंगळसूत्र घालत, हिरव्या बांगड्या भरत. नवस फेडायचा तर 'मलिदा' करत, म्हणजे पोहे, ओलं खोबरं, गोड आणि फळं. सणांची नावंही इथलीच होती: नव्याचा सण, खिरीचा सण. एका उपासाचं नाव तर 'बिरड्याचा रोजा'. वालाचं बिरडं ज्यांनी सोललं आहे, त्यांना हे नाव ऐकूनच कळेल की ही माणसं कोकणात किती मुरली होती.

पुढे इंग्रजांच्या काळात पुष्कळ कुटुंबं मुंबईला गेली. कुणी पलटणीत लागलं, कुणी रेल्वेत, कुणी पोस्टात. मुली लवकर शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. याच समाजातल्या डॉक्टर जेरुशा झिराड मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईतलं या समाजाचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलं. अलिबाग आणि रेवदंड्याची प्रार्थनास्थळं आजही उभी आहेत.

१९४८ मध्ये इस्रायल हा नवा देश झाला. जगभरातल्या ज्यूंना त्याने साद घातली, की हे तुमचंच घर आहे, परत या. तेव्हा आपल्याकडे बेने इस्रायलांची वस्ती वीस हजारांच्या आसपास होती. इथं त्यांना धर्मावरून कुणी छळलं नव्हतं. तरी पुष्कळ जण निघाले. रोजच्या प्रार्थनेत ज्या यरुशलेम शहराचं नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतलं, ते डोळ्यांनी पाहायला मिळणार होतं. इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचं काय होईल, ही धास्तीही काहींना होती. एक कुटुंब गेलं की मागून भाऊबंद जात.

आता, मैत्रिणींनो, इथून पुढची गोष्ट नीट ऐका. आपल्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

नवा देश गरीब होता. युद्ध नुकतंच संपलेलं, आणि चहूकडून लाखो माणसं येऊन पडलेली. अन्नधान्य रेशनवर होतं. नव्याने आलेल्यांना तंबूंच्या आणि पत्र्यांच्या छावण्यांत ठेवत. भारतातल्या पुष्कळ जणांना दक्षिणेकडच्या वाळवंटी भागात पाठवलं, बेर शेवा गावाकडे. मुंबईत कचेरीत बसून कारकुनी करणाऱ्या माणसाच्या हातात फावडं आलं. नवी भाषा हिब्रू. प्रार्थनेतली हिब्रू ओळखीची असली, तरी दुकानात, दवाखान्यात, शाळेत बोलायची हिब्रू वेगळी. आयुष्यभर भातावर वाढलेल्यांच्या पानात पाव आला.

एवढं सगळं त्यांनी सोसलं असतं. कष्टाची भीती कोकणातल्या माणसाला नसते. पण त्यांच्या मनाला लागलं ते वेगळंच. युरोपातून आलेले ज्यू आणि आपण, यांत फरक केला जातो, अशी त्यांची तक्रार होती. चांगलं काम, चांगलं घर आधी गोऱ्यांना मिळतं, असं ते सांगत. मुंबईच्या वर्तमानपत्रापर्यंत एक तक्रार पोचली होती. तुम्ही काळे, तर काळा पाव खा, पांढरा पाव गोऱ्यांसाठी आहे, असं बेर शेवाच्या एका दुकानात कुणाला तरी ऐकवलं गेलं होतं. पाव काळा असो की पांढरा, पोट भरतं. पण ते शब्द पोटात राहतात.

शेवटी १९५१ च्या नोव्हेंबरात काही कुटुंबांनी तेल अवीव शहरात, लोकांना वसवण्याचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या दारात ठिय्या दिला. मागणी एकच, आम्हाला भारतात परत पाठवा. ज्या पवित्र भूमीची शेकडो वर्षं वाट पाहिली, तिथून परत जाऊ द्या म्हणून उपोषण करायची वेळ आली. १९५२ मध्ये शंभरावर माणसांना खरोखरच विमानाने मुंबईला परत आणलं गेलं.

आणि तरी गोष्ट इथं संपत नाही. परत आलेल्यांपैकी काहींनी पुढे पुन्हा इस्रायलला जायची खटपट केली. कुणी म्हणेल, ही माणसं चंचल होती. आम्हाला तसं वाटत नाही. घर विकून, सामान मोडून, नोकरी सोडून गेलेला माणूस परत येतो तेव्हा मागचं काही जागेवर नसतं. खोली दुसऱ्याने घेतलेली असते, नोकरीवर दुसरा लागलेला असतो, आणि शेजारी विचारतात, "काय, नाही का जमलं?" माहेरी परत आलेल्या लेकीला हा प्रश्न चांगला माहीत असतो. दोन घरं असूनही दोन्हीकडे पाहुणी.

जे तिथंच राहिले, त्यांच्यापुढे दहा वर्षांनी मोठं संकट आलं. इस्रायलमध्ये लग्न लावायचं तर धर्मगुरूंकडेच जावं लागतं, नुसती सरकारी नोंदणी चालत नाही. काही धर्मगुरूंनी शंका काढली, की हा समाज शेकडो वर्षं बाकीच्या ज्यूंपासून दूर होता. त्यांच्यातल्या जुन्या काडीमोडांच्या वेळी धर्माने सांगितलेली लेखी फारकत दिली होती का? दुसऱ्या धर्माची माणसं त्यांच्या वंशात आली होती का? ज्यू धर्मात मुलाचा धर्म आईवरून ठरतो. म्हणून १९६२ मध्ये आदेश निघाला, की बेने इस्रायल मुलामुलीचं दुसऱ्या ज्यूशी लग्न ठरलं, तर आईची, आजीची, पणजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी.

विचार करा, मैत्रिणींनो. पेणची किंवा रोह्याची एखादी पणजी. शनिवारी कधी चूल पेटवली नाही, खवल्याची सोडून दुसरी मासळी घरात आणली नाही, मुलांना जमेल तेवढी प्रार्थना शिकवली. दूरच्या देशात एक कागद विचारत होता, की ही बाई खरी होती का? ज्या बायांनी चूल, उपास आणि सणवार सांभाळून तो धर्म टिकवला, त्यांच्यावरच बोट आलं. कुळाची शंका निघाली की ती बाईपाशीच येऊन थांबते, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

पण या वेळी त्यांनी परत पाठवा असं म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं, आम्ही इथलेच आहोत, आम्हाला बरोबरीने वागवा. दहा वर्षांत हा मोठा फरक पडला होता. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये मोठं आंदोलन झालं. इकडे मुंबईतही निषेध झाला. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेत हा विषय आला, आणि पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यूच आहेत, असं जाहीर केलं. त्यानंतर धर्मगुरूंना त्या आदेशातून 'बेने इस्रायल' हे शब्द काढावे लागले. मनातली शंका एका कागदाने लगेच जात नाही, पण कायद्याने दार उघडलं.

आज दिमोना, अश्दोद, लोद, रामले, बेर शेवा या गावांत त्यांची नातवंडं, पतवंडं राहतात. ती हिब्रू बोलतात, तिथल्या सैन्यात जातात. क्रिकेट खेळतात, मसाल्याची दुकानं चालवतात, लग्नाआधी मेंदीचा कार्यक्रम करतात आणि मलिदाही करतात. 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक तिथून निघत आलं आहे. सगळेच दुःखी होते असं नाही. पुष्कळांचं बरं झालं, आणि तो देश आता त्यांचाच आहे.

इकडे मात्र गावं रिकामी झाली. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला रीतीप्रमाणे किमान दहा पुरुष लागतात. कोकणातल्या कित्येक ठिकाणी ते दहा जमेनात. आता सगळ्या भारतात ज्यू पाच हजारांहूनही कमी उरले आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. माणूस गाव सोडतो तेव्हा गावाचंही काही जातं, हेही या इतिहासात आहे.

तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर काय? आम्हाला असं दिसतं, की परमुलखात कष्टांनी माणूस थकतो, पण मोडत नाही. तो मोडतो तीन गोष्टींनी. आपलं काम आणि शिक्षण तिथं कुणी जमेस धरत नाही तेव्हा. रंगावरून, बोलण्यावरून, जेवणावरून खालचा ठरवला जातो तेव्हा. आणि सगळं देऊन झाल्यावरही "तू आमचाच कशावरून?" असं विचारलं जातं तेव्हा. यात ज्याला जवळचा मानलं त्याने विचारलं तर ते जास्त लागतं. परक्याच्या दारात अपमान झाला तर माणूस गिळतो. आपलं घर म्हणून गेलो आणि तिथं झाला, तर तो गिळवत नाही.

म्हणून ताई, मुलाला फोनवर "पैसे पाठवलेस का" याच्या आधी "तुला तिथं कशी वागणूक मिळते" हे विचारा. एकदम सांगणार नाही, पण विचारत राहा.

आणि आपण सगळ्यांनी जरा आपल्याच गावाकडे पाहू. परराज्यातून लग्न होऊन आलेल्या मुली आता आपल्या कितीतरी गावांत आहेत. वीटभट्टीवर, ऊसतोडीला आलेल्या बाया आहेत. त्यांचं मराठी मोडकं म्हणून आपण हसतो का? त्यांना नावाने हाक मारतो, की 'ती बाहेरची' म्हणतो? गटात घेताना त्यांच्या कुळाची चौकशी आपण जरा जास्तच करतो का?

या महिन्याच्या बैठकीत अशा एका तरी बाईला बोलवा. तिला तिच्या गावची एखादी गोष्ट सांगायला सांगा, आणि तिच्या हातचं काहीतरी खा. बैठकीत काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.