पिवळा अजगर आणि आपला अजगर

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात साप निघणं ही काही बातमी नाही. एकीकडे उल्हास नदी आणि बारवीचं जंगल, दुसरीकडे मलंगगडाचे डोंगर, आणि मधल्या शेतांवर उभे राहिलेले टॉवर. पावसाळा लागला की धामण, नाग, घोणस, मण्यार यांची सोसायटीत हजेरी ठरलेली. कधीमधी अजगरसुद्धा. मग सर्पमित्राला फोन जातो, तो साप धरतो आणि जवळच्या जंगलात सोडतो. ही पद्धत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलीये.

आजचा विषय मात्र वेगळ्या सापांचा आहे. ते इथले नाहीत, आणि त्यांचे रंगही निसर्गात क्वचितच दिसतात. पांढरे, लिंबासारखे पिवळे, केशरी, अंगावरची नक्षी पुसली गेलेले. धंद्यात यांना 'मॉर्फ' म्हणतात. ते आले कुठून याचा इतिहास मजेशीर आहे, आणि तो फिरत फिरत आपल्या दारापर्यंत येतो.

सुरुवात होते अमेरिकेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञापासून. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनात कॉर्न स्नेक जातीचा एक नर सापडला, ज्याच्या अंगात काळं रंगद्रव्यच नव्हतं. बर्नार्ड बेक्टेल हे पेशाने त्वचेचे डॉक्टर. हा रंग आनुवंशिक आहे का, हे त्यांना शोधायचं होतं. साध्या मादीबरोबर जोडी लावली तर पिल्लं सगळी साधी निघाली! पण पुढच्या पिढीत, १९६१ साली, तोच रंग परत उगवला. १९६२ मध्ये 'कोपिया' या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. (बारावीच्या बायोलॉजीतला मेंडेल आठवतोय? इंजिनीअरिंगला गेल्यावर आपण ज्याला सोयीस्कर विसरलो, तोच.) बिघडलेला जीन आई आणि बाप दोघांकडून आला, तरच रंग दिसतो. हा बिघाड ओसीए२ नावाच्या जीनमध्ये आहे, हे २०१५ साली सापडलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा कोडमधला बग. रंग बनवणारं फंक्शन कॉल होतं, पण रिटर्न काहीच करत नाही. बेक्टेलनी तो बग समजून घेतला. बाजाराने त्याचं फीचर केलं!

पुढे नंबर लागला बॉल पायथनचा. हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर, घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो. १९९२ साली बॉब क्लार्क या अमेरिकन ब्रीडरकडे पिंजऱ्यात जन्मलेले पहिले अल्बिनो बॉल पायथन निघाले आणि मग रांगच लागली. पद्धत तीच: एक वेगळ्या रंगाचा प्राणी मिळवायचा, त्याची जोडी त्याच्याच पिल्लांशी लावायची. आपल्याकडे रीवाच्या महाराजांनी नेमकं हेच केलं होतं. १९५१ मध्ये पकडलेला पांढरा वाघ 'मोहन' आणि त्याचीच मुलगी राधा, यांच्यापासून १९५८ मध्ये पांढरे बछडे झाले.

याची किंमत प्राणी मोजतो. 'स्पायडर' हा बॉल पायथनचा १९९९ पासूनचा लोकप्रिय मॉर्फ. त्याचं डोकं सतत डुगडुगतं, कारण कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाची रचनाच बिघडलेली असते. २०२२ मध्ये सीटी स्कॅन करून शास्त्रज्ञांनी ते दाखवलं.

आता ब्रीडर मंडळींचा आवडता युक्तिवाद: "आम्ही पिंजऱ्यात पैदास करतो, म्हणून जंगलातला साप वाचतो." ऐकायला छान आहे. पण आकडे काय म्हणतात? १९७५ पासून पश्चिम आफ्रिकेतून तीस लाखांहून जास्त बॉल पायथन निर्यात झालेत, आणि २०२१ च्या मूल्यांकनात ही जात 'संकटाच्या जवळ' या गटात आहे. संवर्धनासाठी पैदास करायची तर जितके वेगवेगळे जीन टिकतील तितके टिकवावे लागतात. मॉर्फवाला बरोबर उलटं करतो, एका जीनसाठी बाकीच्यांवर पाणी सोडतो.

"पण असले पांढरे साप बाहेर जगणारच नाहीत ना?" मलाही हे पटण्यासारखं वाटायचं, पण स्पेनच्या ग्रान कनारिया बेटाची गोष्ट वाचा. त्या बेटावर मूळचे सापच नाहीत. १९९८ पासून तिथे पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक मोकळे सापडू लागले, आणि त्यात अल्बिनोही होते. ते मेले नाहीत, वाढले. जिथे ते पसरले, तिथे त्या बेटावरचा खास मोठा सरडा नव्वद टक्क्यांहून जास्त घटला, असं २०२१ च्या अभ्यासात दिसलं.

दुसरं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. फ्लोरिडात पाळीव बर्मीज पायथन सुटून दलदलीत स्थिरावले. २०१८ मध्ये तिथल्या सुमारे चारशे सापांचा डीएनए तपासला, तर तेरा सापांमध्ये भारतीय अजगराच्या खुणा निघाल्या. म्हणजे या दोन जाती एकमेकींत मिसळू शकतात. उद्या असा पिवळाधम्मक बर्मीज बारवीच्या जंगलात सुटला तर? आपल्या अजगरात नको तो कोड मर्ज होईल, आणि निसर्गात रिव्हर्टची सोय नाही.

हे फार लांबचं वाटतंय? डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक मिळाले. २०२४ मध्ये डोंबिवलीजवळच्या पलावातल्या एका फ्लॅटमधून वनखात्याने ओरांगउटानच्या पिल्लासकट परदेशी प्राणी ताब्यात घेतले. तिथून काटई रस्त्याने निघालं की बदलापूर किती लांब?

गंमत म्हणजे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे इथला साधा नाग पाळणं गुन्हा, पण परदेशी साप कित्येक वर्षं त्या कायद्याबाहेरच होते. २०२० मध्ये सरकारने ते आपणहून जाहीर करायला सांगितलं. २०२२ मध्ये कायदा बदलला, आणि २०२४ च्या नियमांनी परदेशी संरक्षित जातींची नोंदणी सक्तीची केली. त्यांची पिल्लं झाली तर तीही कळवायची.

कायदा आला, पण सवयीचं काय? पकडलेला साप जवळच्या जंगलात सोडायचा, ही आपली चांगली सवय इथल्या सापांसाठी आहे. अनोळखी, भडक रंगाचा साप दिसला तर त्याला देवाचा अवतार ठरवू नका, मारू नका, आणि 'बिचाऱ्याला बारवीला सोडून येऊ' असंही म्हणू नका. तो इथलाच एखादा अल्बिनो असेल, किंवा कुणाच्या टाकीतून सुटलेला पाहुणा. ते ठरवणं जाणकारांचं काम. वनखात्याची हेल्पलाइन आहे, १९२६. नंबर सेव्ह करून ठेवा.

आणि पाळायला साप घ्यायचा विचार असेल तर... असो. आपला मातकट, ठिपक्याठिपक्यांचा अजगर पाचोळ्यात शेजारी पडला असला तरी दिसत नाही. तो रंग कुठल्या ब्रीडरने नाही, या जंगलाने घडवलाय.