कोयनेचे पाणी आणि टक्क्यांचा हिशेब

महाराष्ट्र अपारंपरिक विजेच्या उद्दिष्टाकडे खरोखर किती सरकला, हे शोधायचे असेल तर मेगावॅटचे आकडे थोडे बाजूला ठेवावेत आणि महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे आदेश व विनियम सालवार लावून वाचावेत. मेगावॅट म्हणजे यंत्राची ताकद. हिशेब होतो तो युनिटांत. एक मेगावॅटची पवनचक्की वर्षाचे ८,७६० तास पूर्ण ताकदीने चालली तर ८७.६ लाख युनिट देईल. प्रत्यक्षात क्षमतेच्या २० टक्केच वीज मिळाली, तर हाती येतात साडेसतरा लाख. २०२२ पर्यंतच्या १७५ गिगावॅटच्या राष्ट्रीय उद्दिष्टात महाराष्ट्राचा वाटा २२,०४५ मेगावॅट असा लिहिला गेला. त्यावरून लोकांच्या घरात आणि कारखान्यात किती हरित वीज पोहोचली, हे कळत नाही.

आयोगाची मोजपट्टी वेगळी आहे. विद्युत अधिनियम, २००३ मधील कलम ८६ सांगते की, वितरण परवानाधारकाच्या क्षेत्रातील एकूण वीजवापराच्या किती टक्के खरेदी अशा स्रोतांतून व्हावी, हे आयोगाने ठरवावे. म्हणजे छेद कायद्यानेच दिला. अंशात काय धरायचे, यावर मात्र पुढची वीस वर्षे मोजपट्टी हलत राहिली.

१६ ऑगस्ट २००६ च्या आदेशात चार वर्षांचे आकडे आहेत: २००६-०७ साठी ३ टक्के, मग ४, ५ आणि २००९-१० साठी ६. जून २००८ च्या राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखड्याने देशासाठी सुचवलेली सुरुवात २००९-१० मध्ये ५ टक्क्यांची होती आणि पुढे दरवर्षी एक टक्का वाढ. महाराष्ट्र तेव्हा एक पाऊल पुढे होता. २०१० च्या विनियमांत सौर विजेला वेगळा रकाना मिळाला, अवघ्या ०.२५ टक्क्याचा. एकूण बंधन ६ वरून ९ वर गेले आणि २०१३-१४ ते २०१५-१६ अशी तीन वर्षे तिथेच थांबले. राष्ट्रीय चढण तोवर ११ वर पोहोचली होती. पुढे असलेले राज्य आपल्याच विनियमाने मागे पडले, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१६ च्या विनियमांनी ११ पासून सुरुवात करून २०१९-२० साठी १५ टक्के ठरवले आणि त्या वर्षी दोन्ही आकडे पुन्हा जुळले.

२०१९ च्या विनियमांनी एकूण बंधन २०२४-२५ पर्यंत २५ टक्क्यांवर नेले. पण रकाने वेगळे करून पाहावे. सौर वीज ४.५ वरून १३.५ टक्के, आणि सौरेतर सगळी पाच वर्षे ११.५ वर स्थिर. सातारा-धुळ्याच्या पठारांवरचा वारा आणि साखर कारखान्यांची बगॅसवरची वीज यांच्याकडून वाढीव टक्केवारीची अपेक्षाच उरली नव्हती.

याच काळात हरित विजेची व्याख्याही बदलली. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प पाण्यावर चालतो, तरी २५ मेगावॅटच्या मर्यादेमुळे त्याची वीज अंशात धरली जात नसे. मार्च २०१९ मध्ये केंद्राने मोठ्या जलविद्युतेला नवीकरणीय म्हटले, पण तिच्यासाठी वेगळे बंधन काढले ते ८ मार्च २०१९ नंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांपुरते. मग ऑक्टोबर २०२३ ची केंद्रीय अधिसूचना आली. तिने २०२४-२५ साठी २९.९१ आणि २०२९-३० साठी ४३.३३ टक्के ठरवले आणि १ एप्रिल २०२४ पूर्वीचे जलप्रकल्प ‘इतर’ रकान्यात घेतले. कोयनेचे पाणी पूर्वीसारखेच वाहत होते, हिशेबात मात्र ते आता आले.

शिवाय नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रे आहेत. एक प्रमाणपत्र म्हणजे एक हजार युनिट. ते दुसऱ्या राज्यातल्या प्रकल्पाचे असले तरी बंधन पुरे होते, मग ती वीज महाराष्ट्रात येवो न येवो.

म्हणून २००६ चे ३ टक्के आणि २०२४ चे २९.९१ टक्के एकाच आलेखावर जोडून ‘दहापट प्रगती’ म्हणणे चुकीचे आहे. हे बंधनाचे आकडे आहेत, पूर्ततेचे नव्हेत, आणि त्यांची व्याख्याही एक नाही. आयोगाने २००६-०७ पासूनची प्रत्येक वर्षाची प्रत्यक्ष खरेदी युनिटांत, प्रमाणपत्रे वगळून, कोयनेसह आणि कोयनेशिवाय अशा दोन रकान्यांत एकत्र छापावी.