इतिहासाचा तास आणि इंटरनेट



मुलाच्या हाती मोबाईल देऊन ‘माहिती शोध’ म्हटले की अभ्यास झाला, असा समज आपल्याकडे रूढ होत चालला आहे. प्रत्यक्षात मूल समोर येईल ते पहिले पान वहीत उतरवून मोकळे होते. यावर १९९५ साली अमेरिकेतील सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक बर्नी डॉज यांनी एक तोड काढली. शिक्षकाने आधी प्रश्न ठरवावा, पाने स्वतः तपासून निवडावीत, मुलांच्या गटांत काम वाटून द्यावे आणि उत्तर कसे जोखणार तेही अगोदर सांगावे. या पद्धतीला ‘वेबक्वेस्ट’ हे नाव मिळाले. शोधाशोधीत वेळ न दवडता मिळालेल्या माहितीवर मुलांनी विचार करावा, हा तिचा हेतू.

आपल्या राज्यातही सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण जाणताच.

आता शिरड शहापूरचेच पाहा. ‘१९४८ ते १९६० या बारा वर्षांत आपले गाव कोणकोणत्या राज्यात होते?’ असे विचारले, तर मुले १७ सप्टेंबर १९४८ लिहून थांबतात. भारतात विलीन झालेले हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० चा महाराष्ट्र ही साखळी एका पानावर क्वचितच सापडते. शिवाय मूल ‘हिंगोली जिल्हा’ म्हणून शोधते. तो जिल्हा तर १ मे १९९९ रोजी निर्माण झाला! जुनी माहिती १९६७ च्या परभणी जिल्हा गॅझेटियरात पाहावी लागते. ही किल्ली शिक्षकानेच हाती दिली पाहिजे.

पुढची पायरी मात्र घरातली आहे. २०२३ साली न्या. शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा निजामकालीन उर्दू व मोडी कागद वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. आपल्या कित्येक घरांत उर्दू वाचणारी वडीलधारी मंडळी आहेत, पण त्यांच्याजवळ कागद घेऊन बसणारे नातू थोडे. ट्रंकेत जुनी सनद, पावती वा शाळेचा दाखला असेल, तर मुलाला आजोबांजवळ बसवून त्यावरील साल आणि तालुक्याचे नाव वाचून घ्यावे. वर्गात झेरॉक्स पाठवावी. मूळ कागद घरीच ठेवावा.