मनीचं बजेट: ओलं किती, सुकं किती?

आजची पाहुणी आहे लालबागच्या आमच्या चाळीतली मनी. महिन्याची वीस तारीख उलटली की मी तिचे ओल्या खाद्याचे पाऊच बंद करायचो आणि नुसते सुके दाणे द्यायचो. मला वाटायचं, ही आपल्याच पिढीची कटकट. आजी म्हणाली, "अरे, ओल्या-सुक्याचा हिशेब आमच्यापासूनचा आहे."

गिरणगावात मांजरासाठी वेगळी खरेदी कुठली! मासळी साफ केली की डोकी-शेपट्या त्याच्या वाट्याला. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की ओलं संपायचं. मग मे महिन्यात भरून ठेवलेलं सुकट नि बोंबील. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात आमचे आजोबाही. आजी सांगते, "तेव्हा डोकीसुद्धा आमच्याच कालवणात गेली. मांजर एक दिवस निघून गेलं ते गेलंच."

टंचाई आली की सुकं पुढे येतं, हे जगभर दिसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पत्रा युद्धाच्या कामाला लागला, म्हणून कुत्र्या-मांजरांचं डबाबंद खाद्य मागे पडलं आणि सुक्या खाद्याचा जम बसला.

आता आपला हिशेब. पाऊचमध्ये साधारण 80 टक्के पाणी असतं, दाण्यांत 10 टक्के. म्हणजे 85 ग्रॅमच्या पाऊचमधलं पाणी वगळलं तर उरतं 17 ग्रॅम. तेवढा ऐवज 19 ग्रॅम दाण्यांत मिळतो. ओला बोंबील वाळला की केवढासा उरतो, हे आजीला पाठ आहे. भावाची तुलना करायची ती पाणी वगळून.

मग नुसतं सुकंच का नको? कारण मांजरं मुळात पाणी कमी पितात. नुसत्या दाण्यांवर राहिली तर काहींना लघवीचा त्रास होऊ शकतो. आणि खारवलेली सुकी मासळी त्यांना देऊच नका, मीठ फार.

म्हणून मी वाटणी बदलली. आधी वीस दिवसांत 20 पाऊच संपायचे, पुढचे दहा दिवस काही नाही. आता रोज अर्धा, म्हणजे महिन्याला 15. उरलेला अर्धा फ्रिजमध्ये, तो दुसऱ्या दिवशी. वर थोडे जास्त दाणे आणि दोन ठिकाणी पाण्याच्या वाट्या.

परवा पंचवीस तारखेला मनीची वाटी भरताना आजी बघत होती. म्हणाली, "हे बरं केलंस."

तुमच्या घरात मांजराचा वाटा कसा ठरतो, आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!